देखण्या जबड्याचा छोटा शिकारी: कॉम्प्सोग्नॅथसविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याच्या कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे. सुट्टीच्या दिवशी मी मुलांना घेऊन तिथे जाते. दोनेक वर्षांपूर्वी त्या सांगाड्याखाली उभं राहून एका मुलाने विचारलं, "मावशी, सगळ्यात मोठा पाहिला. आता छोटासा डायनासोर कुठे बघायचा?" त्या दिवसापासून कॉम्प्सोग्नॅथस आमच्याकडे मुक्कामालाच आला आहे. आता मुलांचे, त्यांच्या आईबाबांचे, इंदूर-ग्वाल्हेरच्या पाहुण्यांचेसुद्धा प्रश्न फोनवर येतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, गुंतागुंतीचे नंतर.

१. हे नाव म्हणायचं कसं? आणि त्याचा अर्थ काय?

कॉम्-प्सो-ग्नॅ-थस. 'ग्न' हा 'अग्नी'मधला, त्यामुळे मराठी जिभेला तो जड जायचं कारण नाही. ग्रीक भाषेत 'कॉम्प्सॉस' म्हणजे नाजूक, देखणा आणि 'ग्नॅथॉस' म्हणजे जबडा. पूर्ण शास्त्रीय नाव कॉम्प्सोग्नॅथस लाँगिपेस, आणि त्यातला 'लाँगिपेस' म्हणजे लांब पायांचा. म्हणजे देखण्या जबड्याचा आणि लांब टांगांचा. मुलं 'कॉम्पी' म्हणतात, खुशाल म्हणू द्या.

तो थेरोपॉड गटातला, म्हणजे दोन पायांवर चालणाऱ्या, पोकळ हाडांच्या डायनासोरांच्या घराण्यातला. टी. रेक्सही याच घराण्याचा.

२. कोंबडीएवढा डायनासोर म्हणतात, ते खरं आहे का?

अर्धं खरं आहे. जर्मनीत सापडलेला सांगाडा नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ८९ सेंटिमीटर भरतो. घरातलं तीन फुटी दार घ्या. त्याच्या चौकटीत तो आडवा, शेपटीसकट मावेल. या लांबीत निम्म्याहून जास्त वाटा शेपटीचा. उरलेलं धड खरोखर कोंबडीच्या धडाएवढंच, आणि डोकं तर माझ्या तर्जनीएवढं लांब. वजनाचे अंदाज एक किलोच्या आतपासून साडेतीन किलोपर्यंत जातात.

पण फ्रान्समध्ये सापडलेला दुसरा सांगाडा १२५ सेंटिमीटरचा आहे. 'कोंबडीएवढा' हे वर्णन पहिल्या, लहान सांगाड्यावरून रूढ झालं आणि तसंच राहिलं. लहान आणि मोठा असे दोन आकार का, ते प्रश्न १७ मध्ये.

३. तो किती जुना? आपल्या बालासिनोरच्या डायनासोरांच्या वेळचा का?

नाही. हा गोंधळ बडोद्यात सगळ्यात जास्त होतो. बालासिनोरजवळचं राहियोली आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर आहे, मुलांची सहल तिथे जाऊन आलेली असते, आणि सगळे डायनासोर एकाच काळात हिंडत होते असं त्यांना वाटतं.

कॉम्प्सोग्नॅथस ज्युरासिक काळाच्या अखेरचा, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा. राहियोलीचा राजासॉरस क्रिटेशस काळाच्या अगदी शेवटचा, ७ कोटी वर्षांच्याही अलीकडचा. म्हणजे या दोघांमध्ये ८ कोटी वर्षांचं अंतर आहे. राजासॉरस आणि आपण यांच्यात त्याहून कमी! कॉम्प्सोग्नॅथसच्या मानाने राजासॉरस आपला शेजारी ठरतो. मुलांना मी हे दोरीवर गाठी मारून दाखवते, कारण नुसते कोटींचे आकडे ऐकून कुणालाच काही कळत नाही.

त्याच्या काळातली वस्तू हातात घेऊन पाहायची असेल तर आजीच्या देवघरात डोकवा. गंडकीच्या पात्रातला अस्सल शाळिग्राम म्हणजे अमोनाइट या समुद्री जीवाचा जीवाश्म. तो ज्या थरांतून येतो ते थर ज्युरासिकच्या उत्तरार्धाच्या आसपासचे आहेत. शाळिग्रामावरची ती चक्रं समुद्रात पोहत होती, त्याच सुमाराला कॉम्प्सोग्नॅथस किनाऱ्यावर पाली-सरड्यांमागे धावत होता.

४. तो सापडला कुठे आणि कुणाला?

जर्मनीतल्या बव्हेरियात, १८५० च्या दशकात. योसेफ ओबर्नडॉर्फर नावाचे डॉक्टर होते, रुग्ण तपासायचे आणि जीवाश्म जमवायचे. त्यांच्या संग्रहातल्या चुनखडीच्या एका लादीवर हा सांगाडा होता. म्युनिकचे प्राणिशास्त्रज्ञ आंद्रेआस वाग्नर यांनी १८५९ मध्ये त्याचं नामकरण केलं. डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ निघाला तेच हे वर्ष. तोवर थेरोपॉड डायनासोर म्हणजे सुटे दात, तुटके जबडे, एखादं मांडीचं हाड. डोक्यापासून शेपटीकडे जवळजवळ सलग असलेला पहिला थेरोपॉड हाच. आज तो म्युनिकच्या सरकारी जीवाश्मसंग्रहात आहे.

या दगडाविषयी थोडं सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. तिथे तेव्हा उथळ, उबदार खाजणं होती आणि बाजूला लहान लहान बेटं. खाजणाच्या तळाशी पाणी अतिशय खारट, प्राणवायू जवळजवळ नाही. त्यामुळे मेलेला प्राणी तळाशी गेला की त्याचे लचके तोडायला तिथे कुणी जिवंत नसायचं. वरून पिठासारखा बारीक चुन्याचा गाळ हळूहळू बसत गेला. त्याची झाली झोल्नहोफेनची चुनखडी. ती इतकी एकजीव आणि गुळगुळीत की आलोइस झेनेफेल्डर यांनी १७९६ च्या सुमाराला तिच्यावरून छापण्याची युक्ती काढली. हाच शिळाछाप. शिळाछापाचा सर्वोत्तम दगड जगभर याच भागातल्या खाणींतून जायचा, आणि लाद्या काढता काढता कामगारांना जीवाश्म सापडत.

आता बडोद्याकडे या. लक्ष्मीविलास राजवाड्यात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. त्याने आपल्या चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात हे सुचवलं बडोद्याचे एकेकाळचे दिवाण सर टी. माधवराव यांनी. पुढे त्याने छापखाना काढला, यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आणले, आणि शिळाछापातल्या लक्ष्मी-सरस्वती मराठी घराघरांत लागल्या. लक्ष्मीची तसबीर आणि डायनासोरचा सांगाडा, दोन्हींमागे दगडावर उमटणाऱ्या बारीक रेषेची एकच कथा आहे असं मला नेहमी वाटतं.

५. जगात याचे फक्त दोनच सांगाडे आहेत का?

सलग सांगाडे म्हणाल तर हो, दोनच. एक म्युनिकचा. दुसरा दक्षिण फ्रान्समध्ये कॅंजुएरला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सापडला, तो पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. १९७२ मध्ये त्याला वेगळी जात मानून वेगळं नाव दिलं होतं. १९७८ मध्ये अमेरिकेच्या जॉन ऑस्ट्रम यांनी दोन्हींचा बारकाईने अभ्यास केला आणि दोन्ही एकच जात आहेत, फरक केवळ आकाराचा आहे, असं दाखवलं.

हा 'दोन' आकडा लक्षात ठेवा. खाली बऱ्याच उत्तरांत तो कामाला येणार आहे.

६. त्याच्या पोटात खरंच दुसरा प्राणी सापडला? मग ते त्याचं पिल्लू तर नव्हे?

सापडला, आणि तुमच्या मनात आली ती शंका एका मोठ्या माणसाच्याही मनात आली होती. म्युनिकच्या सांगाड्याच्या फासळ्यांआड बारीक हाडांचा पुंजका आहे. अमेरिकेचे ओथनिएल मार्श यांना १८८१ मध्ये वाटलं की हा पोटातला गर्भ असावा. १९०३ मध्ये फ्रांझ नोप्चा यांनी ती हाडं नीट पाहून सांगितलं की हा सरडा आहे, आणि तो गर्भाशयात नाही, जठरात आहे. तेव्हापासून त्याच्याविषयीची सगळ्यात खात्रीची गोष्ट हीच.

या सरड्याची शेपटी लांब आणि पाय धावणाऱ्याचे. ऑस्ट्रम यांनी त्यावरून साधा तर्क केला: असा सरडा पकडायचा तर पकडणाऱ्याची नजर तीक्ष्ण हवी आणि झेप झटपट हवी. आमच्याकडे अंगणात सरड्यामागे लागलेलं मांजर ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

बरीच वर्षं या सरड्याला बव्हेरिसॉरस म्हणत. अलीकडे जॅक कॉनराड यांनी तो वेगळाच असल्याचं दाखवून त्याला नाव दिलं शोनेसमाल डिस्पेप्सिया. जर्मनमध्ये 'शोनेस माल' म्हणजे छान जेवण, आणि 'डिस्पेप्सिया' म्हणजे अपचन! मुलांना सांगितलं की अर्धा तास हसत असतात. फ्रान्सच्या सांगाड्याच्या पोटातही सरड्यासारख्या छोट्या प्राण्यांचे अवशेष आहेत. दोन सांगाडे, आणि दोघांच्याही पोटात शेवटचं जेवण. टी. रेक्ससारख्या बलाढ्य प्राण्याच्या शेकडो हाडांनीसुद्धा त्याच्या एका दिवसाच्या जेवणाविषयी इतकं थेट क्वचितच सांगितलं असेल.

७. मग तो फक्त पाली-सरडेच खायचा का?

सरडे खायचा एवढं पोटातून दिसतं. दातांवरून आणखी थोडं कळतं: पुढचे दात बिनकंगोऱ्याचे, टोकदार, मागचे चपटे आणि मागे वळलेले. चिमटीत धरून आत ओढण्याचं हे काम आहे, हाड फोडण्याचं नव्हे. किडे-नाकतोडे, छोटे प्राणी त्याच्या आवाक्यात होते. त्याचा चिनी नातलग सायनोसॉरॉप्टेरिक्स याच्याही एका नमुन्याच्या पोटात सरडा सापडला आणि दुसऱ्याच्या पोटात छोट्या सस्तन प्राण्यांचे जबडे.

८. त्याला हाताला दोन बोटं होती की तीन? पुस्तकांत वेगवेगळं दिसतं.

दोन मोठी, नखवाली आणि तिसरं छोटं, बहुधा फारसं उपयोगाचं नसलेलं. म्युनिकच्या लादीवर हातांची हाडं विखुरलेली आहेत आणि पहिल्या दोन बोटांचीच स्पष्ट दिसतात, म्हणून बरीच वर्षं दोन बोटांचा कॉम्पी रंगवला गेला. जुन्या पुस्तकात दोन दिसली तर तो चित्रकाराचा दोष समजू नका.

९. त्याच्या अंगावर पिसं होती का?

दोन्ही सांगाड्यांवर पिसांचा ठसा नाही. पण इथेच थांबलं तर उत्तर चुकेल.

१९९६ मध्ये चीनच्या लिआओनिंगमधून सायनोसॉरॉप्टेरिक्स जगासमोर आला. बांधा कॉम्प्सोग्नॅथससारखाच आणि अंगभर केसांसारखे तंतू. पक्षी नसलेल्या डायनासोरवर पिसांसारखं आवरण दिसल्याची ती पहिली वेळ. दुसरीकडे बव्हेरियातूनच, जवळपास त्याच काळातला ज्युराव्हेनाटर हा छोटा डायनासोर २००६ मध्ये जाहीर झाला, त्याच्या शेपटीवर चक्क खवले. सगळे चक्रावले. नंतर अतिनील प्रकाशात पाहिल्यावर त्याच्याही अंगावर तंतूंच्या खुणा दिसल्या. म्हणजे एकाच अंगावर काही भागात खवले, काही भागात तंतू. आपल्या कोंबडीचे पाय पाहा, तिथेही खवले असतातच की.

त्यामुळे अंगावर विरळ तंतू, पायांवर खवले असा कॉम्प्सोग्नॅथस रंगवला तर मला तो पटतो. पण ते नातलगांवरून बांधलेलं अनुमान आहे, दगडावर दिसलेलं नाही, हे चित्राखाली लिहा.

१०. आणि रंग कोणता?

कॉम्प्सोग्नॅथसचा रंग सांगणारा पुरावा नाही. सायनोसॉरॉप्टेरिक्सचा मात्र आहे: २०१० मध्ये त्याच्या तंतूंतल्या सूक्ष्म रंगकणांवरून तांबूस-नारिंगी अंग आणि पट्ट्यापट्ट्यांची शेपटी असं चित्र निघालं. इंटरनेटवर नारिंगी पट्ट्यांचा कॉम्पी दिसला तर तो रंग या चिनी भावाकडून उसना आणलेला आहे.

११. पक्षी याच्यापासूनच झाले ना?

याच्यापासून नाही, याच्या भाऊबंदांपासून. पहिला पक्षी म्हणून ओळखला जाणारा आर्किओप्टेरिक्स याच चुनखडीत, १८६१ मध्ये उजेडात आला. दोघे साधारण एकाच काळातले. एकाच वेळी हिंडणाऱ्या दोघांतला एक दुसऱ्याचा पणजोबा कसा असेल? चुलत घराण्यातले म्हणा.

पण हे नातं पहिल्यांदा लक्षात आलं ते कॉम्प्सोग्नॅथसमुळेच. लंडनच्या थॉमस हक्सली यांनी १८६८ मध्ये दोन्ही सांगाडे शेजारी मांडून दाखवलं की पाय, घोटे, कंबर यांची ठेवण किती जुळते. पिसं काढली तर आर्किओप्टेरिक्स या छोट्या डायनासोरसारखाच दिसतो. पुढे बराच काळ ही कल्पना बाजूला पडली. १९७० च्या दशकात ऑस्ट्रम यांनी ती पुन्हा उचलून धरली आणि आज ती पाठ्यपुस्तकात आहे. बागेतला कावळा हा डायनासोर आहे असं मी मुलांना सांगते तेव्हा आईबाबांना गंमत वाटते, पण मी ते अगदी शब्दशः म्हणत असते.

१२. ताशी ६४ किलोमीटर वेगाने धावायचा हे खरं का?

हा आकडा २००७ च्या मँचेस्टर विद्यापीठातल्या संगणकीय अभ्यासातून आला. सेलर्स आणि मॅनिंग यांनी स्नायू आणि हाडांचं प्रारूप संगणकावर धाववलं आणि तीन किलोच्या कॉम्प्सोग्नॅथसला सेकंदाला १७.८ मीटर, म्हणजे ताशी ६४ किलोमीटर वेग मिळाला. आकडा खरा आहे, पण तो प्रारूपाचा वेग आहे. स्नायू किती धरले, वजन किती धरलं यावर तो हलतो. इतक्या छोट्या प्राण्याला तो फार वाटतो अशी शंका तज्ज्ञांनीही घेतली आहे, आणि मलाही तसंच वाटतं. चपळ होता हे त्याच्या जेवणावरूनच कळतं (प्रश्न ६). त्यासाठी ६४ हा आकडा पाठ करायची गरज नाही.

१३. तो विषारी होता आणि झुंडीने माणसावर तुटून पडायचा का?

नाही आणि नाही. विषाचा काहीही पुरावा नाही. झुंडीचाही नाही: दोन सांगाडे, दोन देशांत, दोन्ही एकटे. आणि माणूस तर त्याच्या पंधरा कोटी वर्षांनंतरचा. ही प्रतिमा कादंबरी-चित्रपटांतली आहे. पडद्यावर ती भेदक दिसते हे खरं, पण रात्री मुलं घाबरतात तेव्हा त्यांना सांगा की कॉम्पीला आपल्या स्वयंपाकघरातल्या पालीतच जास्त रस वाटला असता.

१४. त्याला पोहायला वल्ह्यासारखे हात होते असं एका जुन्या पुस्तकात वाचलं. ते काय?

फ्रान्सच्या सांगाड्याचं १९७२ मध्ये वर्णन करणाऱ्यांना हाताभोवती पडद्यासारखी खूण दिसली, आणि पाण्यात वल्हं मारणारा डायनासोर अशी कल्पना निघाली. ऑस्ट्रम यांनी ती गाळाची करामत असल्याचं दाखवलं. हात साध्या शिकाऱ्याचेच होते.

१५. लादीवर त्याची अंडी आहेत का?

म्युनिकच्या लादीवर सांगाड्याजवळ एकेक सेंटिमीटरचे गोल ठिपके आहेत. १९९० च्या दशकात त्यांना न घातलेली अंडी म्हटलं गेलं. बहुतेकांना ते पटलेलं नाही. कुजताना निघालेल्या वायूचे बुडबुडे असावेत असं मानतात. सायनोसॉरॉप्टेरिक्सच्या पोटात सापडलेली अंडी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास लांब होती. एवढ्याच बांध्याच्या आईची अंडी इतकी लहान कशी असतील?

१६. सांगाड्याची मान इतकी मागे का वळली आहे? वेदनेने मेला का?

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलीचे डोळे भरून आले होते, म्हणून जरा सविस्तर सांगते. डोकं पाठीवर टेकेल इतकी मान मागे, शेपटीही वर उचललेली. ही ठेवण अनेक डायनासोरांत आणि पक्ष्यांत दिसते. मरताना मेंदूला झटका आला असावा असं काही संशोधक म्हणत आले आहेत. पण २०१२ मध्ये दोन जर्मन संशोधकांनी याच कॉम्प्सोग्नॅथसवरून दुसरं स्पष्टीकरण मांडलं. मान आणि शेपटीच्या वरच्या बाजूला रबरासारखे ताणलेले अस्थिबंध असतात. जिवंतपणी स्नायू आणि वजन त्यांना धरून ठेवतात. मेल्यावर प्राणी पाण्यात पडला, स्नायू कुजले, की ते बंध आकसतात आणि पाण्यात अडवायला वजनही नसतं. मान हळूहळू मागे ओढली जाते. मला हे जास्त पटतं. ती वेदना नव्हे. ते सगळं मेल्यानंतर खाजणाच्या शांत तळाशी घडलं.

१७. हे सांगाडे पूर्ण वाढलेल्या प्राण्यांचे आहेत की पिल्लांचे?

म्युनिकचा नक्कीच वाढता. फ्रान्सचा अधिक मोठा. त्यावरून प्रश्न २ मधला आकारातला फरक समजतो.

खरी खळबळ त्यापुढची आहे. इटलीचे आंद्रेआ काऊ यांनी अलीकडे मांडलं की ज्यांना आपण 'छोटे' थेरोपॉड म्हणून एका कुळात घातलं, त्यांतले बरेचसे मोठ्या शिकाऱ्यांची पिल्लं असू शकतात. बव्हेरियातलंच २०१२ चं उदाहरण पाहा: स्क्युरुमिमस हे तंतुमय अंगाचं गोजिरवाणं पिल्लू, आणि त्याला मेगालोसॉरससारख्या दांडग्या शिकाऱ्यांच्या घराण्यात ठेवलं गेलं. हा वाद अजून चालू आहे. त्यामुळे 'कॉम्प्सोग्नॅथस कुळ' अशी नेटकी वंशावळ कुणी छापलेली दिसली तर तिच्याखाली पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून ठेवा.

१८. मग जगातला सगळ्यात लहान डायनासोर हाच का?

पूर्वी असं म्हणत. आता नाही. चीनचा अँकिऑर्निस त्याच्याहून लहान, आणि ज्युरासिकमधलाच. शिवाय पक्षी डायनासोर मानले (प्रश्न ११) तर तो मान गुंजनपक्ष्याचा.

१९. भारतात कॉम्प्सोग्नॅथस सापडला आहे का? तेव्हा गुजरात कुठे होता?

सापडलेला नाही. त्या वेळी भारत दक्षिण गोलार्धात आफ्रिका, मादागास्कर, अंटार्क्टिकाच्या मोठ्या भूखंडात गुंतलेला होता, आणि कच्छवर समुद्र होता. २०१७ मध्ये कच्छच्या लोडाईजवळून इक्थिओसॉर या मासळीसारख्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा साडेपाच मीटरचा सांगाडा जाहीर झाला. तो सुमारे १५.२ कोटी वर्षांचा, म्हणजे कॉम्प्सोग्नॅथसचा जवळजवळ समकालीन. बव्हेरियाच्या खाजणाकाठी हा धावत होता तेव्हा आपल्या कच्छच्या पाण्यात तो पोहत होता.

भारतातले ज्युरासिक डायनासोर आहेत, पण बहुतेक अवाढव्य शाकाहारी. जैसलमेरचा थारोसॉरस (२०२३ मध्ये जाहीर, १६.७ कोटी वर्षांचा), आणि गोदावरी खोऱ्यातला त्याहून जुना बारापासॉरस, ज्याच्या नावातलं 'बारा पा' म्हणजे बंगालीत मोठा पाय. एक मोठ्या पायाचा, एक लांब पायाचा. नावं ठेवणाऱ्यांचं लक्ष आधी पायांकडेच जातं असं दिसतं.

२०. जबलपूरचा कॉम्प्सोसुकस हा त्याचाच भाऊ ना? आणि प्रोकॉम्प्सोग्नॅथस?

दोन्ही नावांनी फसू नका.

कॉम्प्सोसुकस जबलपूरच्या टेकडीतल्या मोजक्या हाडांवरून १९३३ मध्ये फॉन ह्यून आणि मॅटली यांनी नाव दिलेला. 'कॉम्प्सॉस' हा शब्द सारखा, पण काळ क्रिटेशसचा अखेरचा. नातं असलंच तर राजासॉरसच्या बाजूच्या गोतावळ्याशी. प्रोकॉम्प्सोग्नॅथस जर्मनीचाच, पण ट्रायासिकमधला, म्हणजे कॉम्प्सोग्नॅथसच्याही पाच-सहा कोटी वर्षं आधीचा. १९१३ मध्ये त्याला 'आधीचा कॉम्प्सोग्नॅथस' अशा अर्थाचं नाव मिळालं, पण तो पूर्वज असल्याचं कुणी मानत नाही. शाळेच्या तक्त्यात या तिघांना एका ओळीत लावू नका.

२१. बडोद्यात राहून मुलांना काय दाखवता येईल?

कॉम्प्सोग्नॅथस तर नाही. पण कमाटी बागेच्या म्युझियममधला देवमासा दाखवा आणि फासळ्या, मणके, कंबर ओळखायला लावा. हाडं वाचायची सवय तिथूनच लागते. मग राहियोली. तिथे संग्रहालय आहे आणि उघड्यावर दगडांत हाडं, अंडी दिसतात. तिथला एकही खडा खिशात घालू देऊ नका, आणि कुणी अंडं विकायला आणलं तर घेऊ नका. परतताना पावागड लागला तर तोही दाखवा. राहियोलीच्या डायनासोरांच्या अखेरच्या काळाच्या आसपास उसळलेल्या दख्खनच्या लाव्ह्याचा तो डोंगर आहे.

घरच्या घरी? भिंतीवरची पाल. ती किडा कसा टिपते ते पाच मिनिटं बघत बसायचं. मग मुलांना विचारायचं, हिला पकडायला काय काय लागेल?

२२. शाळेच्या प्रदर्शनासाठी मॉडेल करायचं आहे. चुका कुठे होतात?

हा प्रश्न आला की मला फार आनंद होतो. कारण हा असा डायनासोर आहे ज्याचं खऱ्या मापाचं मॉडेल मुलाला एकट्याने करता येतं आणि रिक्षातून शाळेत नेता येतं. बाकी बहुतेकांना कितीतरी पटींनी लहान करावं लागतं.

तारेचा सांगाडा ८९ सेंटिमीटरचा घ्या आणि त्यातली निम्म्याहून थोडी जास्त लांबी शेपटीला द्या. वर कागदाचा लगदा. शेपटी जमिनीवर लोळवायची नाही, ती मागे आडवी ताठ, कारण डोक्याचा तोल तीच सांभाळते. धड आडवं, कांगारूसारखं उभं नव्हे. मागचा प्रत्येक पाय तीन बोटांवर. सगळ्यात नेहमीची चूक हातांची: तळवे खाली लोंबकळणारे काढतात. ते टाळी वाजवताना असतात तसे समोरासमोर हवेत. बोटं प्रश्न ८ प्रमाणे. तोंड निमुळतं, डोळा मोठा. तंतू लावायचे असतील तर जुन्या गोणपाटाचे सुताडे छान दिसतात, फक्त खाली 'अनुमान' अशी चिठ्ठी लावा (प्रश्न ९).

गेल्या वर्षी एका मुलीने सगळं मॉडेल झाल्यावर पोटाला एक छोटी खिडकी कापली आणि आत शाडूची पाल ठेवली, शेपटी दुमडून. परीक्षकांना ती खिडकी उघडून दाखवताना ती प्रत्येक वेळी आधी दारावर टकटक करावी तशी बोटाने टकटक करायची.